प्रस्तावना : कॉन्फेडरेट चिन्हे, दक्षिणेची ओळख आणि अमेरिकी यादवी युद्धाची कारणे

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या चार वर्षांत जे यादवी युद्ध झाले, त्यात मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या पूर्वापार सुमारे ६ लाख २० हजार मानली जात असे. २०११ मध्ये जनगणनेच्या नोंदींच्या आधारे झालेल्या फेरअभ्यासाने ती साडेसात लाखांच्या आसपास असावी असे दाखवून दिले. या युद्धाच्या अखेरीस सुमारे ४० लाख माणसे गुलामीतून मुक्त झाली आणि अमेरिकेची राज्यघटना मुळापासून बदलली. असे असूनही हे युद्ध कशासाठी झाले, या प्रश्नावर तेथील समाजाचे आजही एकमत नाही. हा मतभेद विद्यापीठांच्या भिंतींआड कधीच राहिला नाही. न्यायालयासमोरचा पुतळा, विधानभवनावरचे निशाण, शाळेला दिलेले नाव आणि पाठ्यपुस्तकातला धडा या सर्व ठिकाणी तो उघडपणे लढला गेला आहे. युद्धाची कारणे आणि त्याची स्मृतिचिन्हे हे दोन वेगळे विषय आहेत असे वरवर वाटत असले, तरी प्रत्यक्षात ते एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत, कारण युद्धाच्या कारणांविषयीची एक विशिष्ट समजूत लोकांच्या मनात रुजावी यासाठीच त्यांतली बहुतेक चिन्हे उभारली गेली. ती समजूत कोणती, ती कोणी व केव्हा घडवली आणि ती कागदोपत्री पुराव्यासमोर टिकते का, याचा विचार केल्याशिवाय आजच्या वादाचा अर्थ लागत नाही.

युद्धापूर्वीच्या दक्षिणेचे चित्र आधी डोळ्यांसमोर आणले पाहिजे. १८६०च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या ३ कोटी १४ लाखांच्या घरात होती आणि त्यांपैकी साडेएकोणचाळीस लाख माणसे कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता होती. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपी या राज्यांत तर गुलामांची संख्या निम्म्याहून अधिक भरत होती. या माणसांच्या श्रमावर पिकणारा कापूस देशाच्या एकूण निर्यातीच्या मूल्यात निम्म्याहून अधिक वाटा उचलत असे आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या प्रामुख्याने त्याच कापसावर चालत. त्यामुळे दक्षिणेतली गुलामगिरी ही मोडकळीला आलेली, आपोआप नाहीशी होणारी जुनी रूढी होती, हा पुढे रूढ झालेला समज आकड्यांपुढे टिकत नाही. १८६० मध्ये ती भरभराटीला आलेली आणि नव्या जमिनींकडे पसरू पाहणारी व्यवस्था होती.

वाद पेटला तो याच प्रसाराच्या प्रश्नावरून. पश्चिमेकडे नव्याने वसणाऱ्या प्रदेशांत गुलाम बाळगण्यास मुभा असावी की नसावी, यावर १८२० मध्ये मिसूरी तडजोड झाली आणि एका विशिष्ट अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी घालण्यात आली. १८५० मध्ये दुसरी तडजोड झाली, तिचाच भाग म्हणून पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत करण्याचा कडक केंद्रीय कायदा आला, आणि १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसूरी तडजोड मोडीत काढली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार केंद्रीय कायदेमंडळाला नाही. या पार्श्वभूमीवर १८६०च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन निवडून आले. ज्या राज्यांत गुलामगिरी होती तेथे तिला हात न लावता केवळ तिचा प्रसार रोखावा, एवढीच त्यांच्या रिपब्लिकन पक्षाची भूमिका होती. तरीही मळेवाल्यांच्या नेत्यांनी या निवडणुकीत आपल्या व्यवस्थेच्या अंताची सुरुवात पाहिली. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघाले, पाठोपाठ आणखी सहा राज्ये निघाली आणि त्यांनी ‘कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका’ हे नवे राष्ट्र जाहीर केले. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटन बंदरातील फोर्ट समटर या किल्ल्यावर कॉन्फेडरेट तोफांनी मारा सुरू केला, लिंकन यांनी सैन्यभरतीचे आवाहन केले आणि त्यानंतर आणखी चार राज्ये फुटीरांना मिळाली.

राज्ये का फुटली, याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, कारण फुटणाऱ्यांनी ते स्वतःच लिहून ठेवले आहे. साउथ कॅरोलायनाने २४ डिसेंबर १८६० रोजी आपल्या निर्णयाची कारणे सांगणारे जे निवेदन मंजूर केले, त्यातील मुख्य तक्रार अशी, की उत्तरेकडील राज्ये पळून गेलेले गुलाम परत करण्याचे घटनात्मक बंधन पाळत नाहीत. त्याच निवेदनात न्यूयॉर्क राज्य गुलामांना बरोबर घेऊन तेथून जाऊही देत नाही अशी तक्रार आहे आणि काही राज्यांनी कृष्णवर्णीयांना नागरिकत्व दिल्याबद्दल रोष आहे. मिसिसिपीच्या निवेदनाने तर सुरुवातीलाच आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी एकरूप असल्याचे सांगून तिला जगातील सर्वांत मोठा आर्थिक हितसंबंध ठरवले. नव्या राष्ट्राचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे केलेल्या भाषणात या राष्ट्राची कोनशिला कोणती ते उघड सांगितले : कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे, हे त्यांच्या मते ते महान सत्य होते. त्याच महिन्यात स्वीकारलेल्या कॉन्फेडरेट राज्यघटनेने गुलामांवरील मालकीहक्काला बाधा आणणारा कोणताही कायदा करण्यास आपल्या कायदेमंडळाला स्पष्ट मनाई केली.

या पुराव्यासमोर दोन पर्यायी कारणे नेहमी मांडली जातात. पहिले कारण म्हणजे ‘राज्यांचे हक्क’, म्हणजे केंद्रापेक्षा घटक राज्य श्रेष्ठ असून ते केव्हाही बाहेर पडू शकते, हा सिद्धांत. हा सिद्धांत अमेरिकी राजकारणात खरोखरच जुना होता आणि १८३२-३३ मध्ये साउथ कॅरोलायनाने केंद्रीय जकातीचा कायदा धुडकावताना त्याचाच आधार घेतला होता. तथापि १८५०च्या दशकात राज्यांचे हक्क पायदळी तुडवणारा सर्वांत प्रखर केंद्रीय कायदा पळून गेलेल्या गुलामांविषयीचा होता, आणि त्याला दक्षिणेचा आग्रही पाठिंबा होता. कॉन्फेडरेट घटनेनेही आपल्या नागरिकांना गुलामांसह कोणत्याही घटक राज्यात जाण्याचा व राहण्याचा हक्क दिला, म्हणजे एखाद्या राज्याने मनात आणले असते तरी त्याला तो नाकारता आला नसता. राज्यांचा हक्क हे साधन होते आणि ते कशासाठी वापरायचे हे गुलामगिरी ठरवत होती. दुसरे कारण जकातीचे सांगितले जाते. पण १८५७ मध्ये जकातीचे दर बरेच खाली आले होते आणि ते वाढवणारा मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये, म्हणजे सात राज्ये निघून गेल्यानंतर, संमत झाला. शेतीप्रधान दक्षिण आणि उद्योगप्रधान उत्तर यांच्यातील आर्थिक संघर्षावर चार्ल्स बियर्ड यांच्यासारख्या इतिहासकारांनी भर दिला, तो अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मात्र दक्षिणेची अर्थव्यवस्था गुलामांच्या श्रमावरच उभी असल्यामुळे हे स्पष्टीकरणही फिरून गुलामगिरीपाशीच येऊन थांबते.

या चर्चेत बरीच गल्लत होते ती तीन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे. राज्ये का फुटली, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर गुलामगिरीचे रक्षण हे आहे. उत्तरेने युद्ध का स्वीकारले, हा दुसरा प्रश्न. त्याचे सुरुवातीचे उत्तर संघराज्य टिकवणे हे होते आणि ऑगस्ट १८६२ मध्ये होरेस ग्रीली या संपादकांना लिहिलेल्या पत्रात लिंकन यांनी ते निःसंदिग्धपणे सांगितले होते. पण हजारो गुलाम मळे सोडून संघसैन्याच्या छावण्यांत येऊ लागले, १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला आणि पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघाच्या बाजूने लढले, तेव्हा युद्धाचे उद्दिष्टच बदलले. एखादा सामान्य दक्षिणी सैनिक का लढला, हा तिसरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर घराचे रक्षण, सोबत्यांचा संग, प्रतिष्ठा किंवा १८६२ पासून लागू झालेली सक्तीची भरती यांपैकी काहीही असू शकते. वीस गुलामांच्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट देणारा नियम आला, तेव्हा गरीब शेतकऱ्यांत हे युद्ध श्रीमंतांचे आणि मरण मात्र गरिबांचे अशी भावना पसरली, हेही नोंदवले पाहिजे. सैनिकाचा खाजगी हेतू निर्मळ असू शकतो. त्यामुळे तो ज्या राष्ट्रासाठी लढला त्या राष्ट्राचा हेतू बदलत नाही.

पराभवानंतर हा हेतू झाकण्याचा प्रयत्न तातडीने सुरू झाला. रिचमंडचे पत्रकार एडवर्ड पोलार्ड यांनी १८६६ मध्ये ‘द लॉस्ट कॉज’ हे पुस्तक लिहिले आणि त्यावरून त्या संपूर्ण विचारधारेला ‘लॉस्ट कॉज’, म्हणजे पराभूत झालेले तरीही न्याय्य असलेले कार्य, हे नाव पडले. दक्षिण घटनात्मक तत्त्वासाठी लढली, तिचे सेनानी निष्कलंक होते, ती केवळ संख्याबळापुढे हरली आणि गुलाम आपल्या स्थितीत समाधानी होते, ही तिची मुख्य सूत्रे होत. या बदलाचा सर्वांत बोलका पुरावा स्टीफन्स यांनीच पुरवला : १८६१ मध्ये ज्या वक्त्याने वंशभेदाला राष्ट्राची कोनशिला म्हटले होते, त्यानेच १८६८ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या दोन खंडांच्या ग्रंथात हे युद्ध संघराज्य आणि केंद्रसत्ता या दोन शासनतत्त्वांमधले होते असे प्रतिपादन केले. मधल्या सात वर्षांत पुरावा बदललेला नव्हता, पराभव झाला होता.

ही मांडणी घराघरांत पोहोचवण्याचे काम १८९४ मध्ये नॅशव्हिल येथे स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या महिलासंघटनेने चिकाटीने केले. तिने स्मारकांसाठी निधी जमवला, निबंधस्पर्धा घेतल्या आणि पाठ्यपुस्तकांवर पहारा ठेवला. तिच्या इतिहासप्रमुख राहिलेल्या मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी शालेय पुस्तके पारखण्यासाठी एक मोजपट्टीच छापली, आणि जे पुस्तक युद्धाचे कारण गुलामगिरी असल्याचे सांगेल ते नाकारावे असा तिचा दंडक होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने युद्धोत्तर पुनर्रचनेचा काळ कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराने बिघडलेला काळ म्हणून रंगवला, तेव्हा या कथनाला विद्वत्तेचेही पाठबळ मिळाले. इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये त्याचे साधार खंडन केले, पण मुख्य प्रवाहातील इतिहासकारांनी ते गांभीर्याने घ्यायला नागरी हक्कांच्या चळवळीचा काळ उजाडावा लागला.

स्मारके केव्हा उभी राहिली, हे त्यांचा अर्थ कळण्यासाठी फार महत्त्वाचे आहे. युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतील स्मारके बहुतांशी दफनभूमीत होती आणि त्यांचा सूर शोकाचा होता. न्यायालयांसमोर व चौकांत पुतळे मोठ्या संख्येने उभे राहिले ते १८९० नंतर आणि विशेषतः विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, म्हणजे नेमके ज्या काळात दक्षिणेतील राज्ये कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेत होती आणि ‘जिम क्रो’ या नावाने ओळखले जाणारे वंशविभाजनाचे कायदे करत होती. रिचमंड येथील कॉन्फेडरेट जनरल रॉबर्ट ली यांच्या अश्वारूढ पुतळ्याचा इतिहास या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये घडवलेला, बारा टन वजनाचा हा ब्राँझचा पुतळा मे १८९० मध्ये शहरात आला, तेव्हा हजारो नागरिकांनी त्याचे भाग ठेवलेल्या गाड्या दोरखंडांनी ओढत नेल्या आणि २९ मे रोजी लाखाहून अधिक लोकांसमोर त्याचे अनावरण झाले. ‘रिचमंड प्लॅनेट’ या वृत्तपत्राचे कृष्णवर्णीय संपादक जॉन मिचेल यांनी तेव्हाच लिहिले, की हे स्मारक उभारण्यास कृष्णवर्णीय मजुरांचेच हात लागले आहेत आणि वेळ आली तर ते उतरवायलाही तेच हजर असतील. पुढे व्हर्जिनियाने १९०२ च्या घटनेद्वारे बहुतेक कृष्णवर्णीय मतदारांना मतपेटीपासून दूर केले. ८ सप्टेंबर २०२१ रोजी तो पुतळा चौथऱ्यावरून उतरवला गेला आणि ते काम कृष्णवर्णीय मालक असलेल्या कंपनीने केले. खुद्द ली यांनी १८६९ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर स्मारकचिन्हे उभारण्याच्या कार्यक्रमाचे निमंत्रण नाकारताना युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत असे कळवले होते, ही गोष्ट त्यांच्या भक्तांनी मागे पडू दिली.

निशाणाचा इतिहासही असाच आहे. लाल पार्श्वभूमीवर निळ्या फुलीत पांढरे तारे असलेला जो आयताकृती झेंडा आज ‘कॉन्फेडरेट झेंडा’ म्हणून जगभर ओळखला जातो, तो त्या राष्ट्राचा अधिकृत राष्ट्रध्वज कधीच नव्हता. पहिला राष्ट्रध्वज रणधुमाळीत संघाच्या झेंड्यासारखा दिसे, म्हणून सैन्यासाठी ही वेगळी रचना स्वीकारली गेली आणि नंतरच्या राष्ट्रध्वजांच्या कोपऱ्यात तिला स्थान मिळाले. पुढील अनेक दशके हा झेंडा प्रामुख्याने माजी सैनिकांच्या मेळाव्यांत दिसे. त्याला नवे राजकीय आयुष्य लाभले ते १९४८ मध्ये, जेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या नागरी हक्कांविषयीच्या भूमिकेला विरोध करत दक्षिणेतील काही नेते बाहेर पडले आणि स्ट्रॉम थर्मंड यांना त्यांनी अध्यक्षपदासाठी उभे केले. शाळांतील वंशविभाजन १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरले आणि १९५६ मध्ये जॉर्जियाने आपल्या राज्यध्वजात ही फुली घेतली. १९६०च्या दशकाच्या आरंभी साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर हा झेंडा चढला.

याचा अर्थ दक्षिणेच्या अस्मितेला खरा आशय नाही, असा मुळीच नाही. पराभूत प्रदेशाचे दारिद्र्य खरे होते, असंख्य गोऱ्या कुटुंबांनी युद्धात माणूस गमावला होता आणि बाहेरच्यांनी आपल्याला मागासलेले ठरवल्याची सल आजही खोल आहे. पणजोबांच्या थडग्यावर फूल वाहणाऱ्या माणसाला वंशद्वेष्टा म्हणणे अन्यायाचे आहे. मूळ चूक आहे ती दक्षिण आणि कॉन्फेडरसी हे एकच मानण्यात. फुटून निघालेल्या ११ राज्यांच्या सुमारे ९१ लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ ३५ लाख माणसे गुलाम होती. तीही दक्षिणीच होती. साउथ कॅरोलायना वगळता प्रत्येक कॉन्फेडरेट राज्यातून गोऱ्यांच्या पलटणी संघाच्या बाजूने लढल्या, आणि व्हर्जिनियाचे डोंगराळ जिल्हे तर १८६३ मध्ये वेगळे होऊन वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य झाले. चार्ल्सटन बंदरातून १८६२ मध्ये ‘प्लँटर’ हे कॉन्फेडरेट जहाज पळवून आपल्या कुटुंबाला स्वतंत्र करणारे आणि पुढे केंद्रीय कायदेमंडळावर निवडून गेलेले रॉबर्ट स्मॉल्स दक्षिणेचेच सुपुत्र होते. ली यांचे सहकारी जनरल जेम्स लाँगस्ट्रीट युद्धानंतर रिपब्लिकन पक्षात गेले आणि १८७४ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांनी कृष्णवर्णीय शिपायांसह गोऱ्या सशस्त्र टोळीला तोंड दिले. म्हणून लॉस्ट कॉजने त्यांच्यावर पराभवाचे खापर फोडले आणि गेटिसबर्ग येथे त्यांचा पुतळा उभा राहायला १९९८ साल उजाडले. पुतळ्यासाठी केवळ शौर्य पुरेसे मानले जात नव्हते, हे यावरून सिद्ध होते.

१७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने नऊ कृष्णवर्णीय भाविकांची हत्या केली आणि त्याची या झेंड्यासह काढलेली छायाचित्रे समोर आली. त्यानंतर महिन्याभरातच साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या आवारातून तो झेंडा उतरवण्यात आला. २०२० मध्ये मिसिसिपीने हीच फुली असलेला १८९४ पासूनचा आपला राज्यध्वज बदलला आणि मतदारांनी मॅग्नोलियाच्या फुलाचे नवे निशाण मोठ्या बहुमताने स्वीकारले. पण वाद मिटलेला नाही. अलाबामा व टेनेसीसारख्या राज्यांत स्मारके हलवण्यास मज्जाव करणारे कायदे आहेत, आणि एका कॉन्फेडरेट सेनानीवरून पडलेले आणि २०२३ मध्ये बदललेले फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाचे नाव २०२५ मध्ये, त्याच आडनावाच्या दुसऱ्या महायुद्धातील एका सैनिकाचा आधार देऊन, परत आणले गेले. पुतळा काढणे म्हणजे इतिहास पुसणे, हा युक्तिवाद वारंवार केला जातो. परंतु इतिहास दस्तऐवजांत, ग्रंथांत आणि संग्रहालयांत राहतो. सार्वजनिक चौकातला चौथरा कोणाला गौरवायचे एवढेच सांगतो, आणि तो निर्णय घेताना १८९० मध्ये ज्यांचे मत मोजले गेले नाही त्यांचे मत आज मोजले जाणे न्याय्यच आहे.

मराठी वाचकाशी या विषयाचे नाते दूरचे नाही. अमेरिकेचा कापूस थांबला तेव्हा लँकेशायरची मागणी मुंबईकडे वळली, कापसाचे भाव अनेक पटींनी चढले, शहरात शेअरबाजाराचे वेड पसरले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. त्याहून खोल नाते महात्मा जोतीराव फुले यांनी जोडले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. युद्ध कशासाठी झाले याविषयी पुण्यातील या विचारवंताच्या मनात शंका नव्हती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुईझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्या जमावाने डझनावारी कृष्णवर्णीयांची कत्तल केली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे लावलेल्या सरकारी फलकाने त्या घटनेला बाहेरच्यांच्या दुष्ट कारभाराचा शेवट म्हणून गौरवले. तो फलक निघाला २०२१ मध्ये. कायद्याने मिळालेली मुक्ती आणि प्रत्यक्षातली समता यांतले अंतर किती मोठे असते, हे जातिव्यवस्थेशी झगडणाऱ्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही.

या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने एक पथ्य पाळावे. पुतळे, झेंडे आणि आठवणी यांविषयी मत बनवण्यापूर्वी १८६० व १८६१ मधील फुटीर राज्यांची निवेदने, स्टीफन्स यांचे सव्हाना येथील भाषण आणि कॉन्फेडरेट राज्यघटना आधी वाचावी, मगच १८६५ नंतरची समर्थने हाती घ्यावीत. ज्यांनी राष्ट्र उभारले त्यांचे उभारतानाचे शब्द आणि हरल्यानंतरचे शब्द समोरासमोर ठेवले, की युद्धाच्या कारणाविषयी फारशी शंका उरत नाही. दक्षिणेचा वारसा मोठा आहे, आणि त्यातील चार वर्षांच्या राज्याला सगळ्या प्रदेशाच्या नावाने बोलण्याचा अधिकार नाही.